माणसं मोजून आत

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
२६ सप्टेंबर १९९४

सौ. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

आठ वर्षांनी हे अक्षर पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. चौऱ्याहत्तरावं चालू आहे, सोळा दात शिल्लक आहेत, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी पहिल्या पाळीच्या वेळेला आपोआप जाग येते. तुझा पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस.

कामाचं लिहितो. तुमच्या सुरतेत प्लेगची साथ आल्याचं पेपरात रोज येतं आहे. लोक गाठोडी घेऊन पळताहेत, त्यांचे फोटो येतात. इथेही गडबड आहे. स्टेशनवर अर्धी माणसं तोंडाला रुमाल बांधून दिसतात, औषधवाल्याकडे टेट्रासायक्लिन शिल्लक नाही, आणि वाण्याच्या दुकानात कुणी शिंकलं की रांग आपोआप मोडते. मी पंचवीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. धोका कशाला म्हणतात आणि घबराट कशाला म्हणतात ते मला कळतं. तेव्हा माझी काळजी नको.

तुझी आई मात्र थोडी अस्वस्थ आहे. तू सुखरूप असल्याचं एक पोस्टकार्ड तिच्या नावे टाक. दोन ओळी पुरेत, पण तुझ्या हातच्या असाव्यात. माझ्याविषयी काही लिहायची गरज नाही. जे झालं ते झालं, त्यावर मी चर्चा करत नाही.

श्यामकांत

ता. क. ती सध्या बराच वेळ मागच्या परसात असते. हवा मोकळी आहे.


शिरगाव
३० सप्टेंबर १९९४

सौ. मीनल हिस,

मागच्या पत्रात आई परसात 'असते' असं मी लिहिलं. ती तिथे राहते. शेवग्याखाली झोपडी बांधून राहते. आज आठवा दिवस.

तुला सगळं नीट सांगितलं नाही तर तू पोस्टकार्डाला घाई करणार नाहीस, म्हणून सांगतो. गेल्या शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात ओट्याखाली एक उंदीर मेलेला सापडला. भला मोठा, चार पाय वर. मी तो चिमट्याने उचलायला गेलो, तर ही म्हणाली, "हात लावू नका. उंदीर पडला. चला." आवाज अगदी शांत होता. आपण वेळेवर लग्नाला निघालो आहोत असा. अंगावरच्या लुगड्यानिशी ती मागच्या दाराने बाहेर गेली ती अजून आत आलेली नाही.

देवही घेतले नाहीत बरोबर. चष्मासुद्धा खिडकीत राहिला. मी तो नेऊन द्यायला गेलो तर असा आरडाओरडा केला की शेजारच्या कुंदाताई कुंपणाशी धावत आल्या. घरातली वस्तू बाहेर आणायची नाही. चमचाही नाही. कौसाबाई, आपल्याकडे भांड्याला येते ती, खरवईपलीकडच्या वाडीवरची, ती आणि तिचा नवरा सुकऱ्या यांनी बांबू, पेंढा आणि प्लॅस्टिक घालून झोपडी उभी केली. तीन दगडांची चूल मांडली. भांडी नवी आणली. मी ओरडलो की हा काय तमाशा आहे, तर कौसाबाई म्हणाली, "बाबा, म्हातारीच्या मनान भ्या बसलाय. तुमी ओरडून कसा जाल तो? आमी बांधून देताव. भ्या गेला का मोडू."

माझी पंचवीस वर्षांची नोकरी आणि भिंतीवरची दोन मानपत्रं एका बाजूला, कौसाबाई एका बाजूला. हिनं कौसाबाईचं ऐकलं.

तुझ्या आईचं बालपण तुला किती ठाऊक आहे? मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. तिच्या गावी ती सात वर्षांची असताना प्लेग आला होता. उंदीर पडला की सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत जायचं. हिच्या घरचेही तसेच गेले. मोकळ्या घरात पाऊल टाकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. माळावर थंडी फार. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, रात्रभर कुडकुडायचा. म्हणून ही एक दिवस दुपारी कुणाला न सांगता गावात गेली आणि घरातून त्याची गोधडी घेऊन आली. पाचव्या दिवशी तो मुलगा गेला.

हे तिनं मला परवा सांगितलं, पेंढ्याकडे बघत. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं म्हणाली. आईलाही नाही. गोधडी कुठून आली असं आईनं विचारलं तेव्हा "आधीच आणली होती" म्हणाली होती.

साथ सरल्यावर परत जाताना तिच्या आजोबांनी सगळ्यांना दारात उभं केलं. माणसं मोजली. एक कमी भरलं, तेव्हा पुन्हा मोजली. मग आत सोडलं. त्यांच्या घरची रीतच होती ती, माणसं मोजून आत जायचं. आता ही म्हणते, "आपण तीन माणसं. तुम्ही, मी आणि मिनू. मिनू सुरतेत आहे. ती मोजल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

म्हणजे तुझ्या दोन ओळींवर अडलं आहे. मी स्वतः सुरतेला आलो असतो, पण हिला कुणाच्या भरवशावर टाकू? आणि मी फाटकापर्यंत गेलो तरी ती मोजायला लागते.

श्यामकांत


शिरगाव
६ ऑक्टोबर १९९४

मीनल,

पोस्टमन रोज येतो आणि रोज माझ्याकडे बघून मान हलवतो. तुझं पत्र नाही. गाड्या अडवताहेत, टपाल रखडलं असेल, अशी मी माझी समजूत घालतो. तुझ्या आईची समजूत घालणं माझ्या हाताबाहेर गेलं आहे, आणि त्याला कारण मीच आहे. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

तो उंदीर मी मारला. सुरतेची बातमी आली त्याच दिवशी मी उल्हासनगरला जाऊन उंदराचं औषध आणलं. माळ्यावर, ओट्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात गोळ्या ठेवल्या. माझा हिशेब सरळ होता, उंदीरच नको तर प्लेग कुठला? हिला सांगितलं नाही, कारण घरात विष ठेवलंय म्हटल्यावर ती जेवली नसती. उंदीर मेला तर कुठेतरी बाहेर जाऊन मरेल असं दुकानदारानं सांगितलं होतं. तो हिच्या पायाशी येऊन मेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि ही "उंदीर पडला" म्हणाली तेव्हा तरी मी लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, तासाभरात येईल आत, मग कशाला उगाच बोलणी खायची? दुसऱ्या दिवशी माळ्यावर आणखी दोन सापडले. तिसऱ्या दिवशी न्हाणीत एक. मी ते गुपचूप पुरले, पण हिचं सगळं लक्ष घराकडे. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून खरं सांगितलं. औषधाचा रिकामा डबा दाखवला.

ती हसली. "तुम्ही मला आत न्यायला काहीही सांगाल," म्हणाली. "डबा आज आणलात ना?"

कारखान्यात असं झालं असतं तर मी रजिस्टर काढून दाखवलं असतं, तारीख, वेळ, सही. घरात रजिस्टर नाही.

परवा जोराचा पाऊस झाला. झोपडी एका बाजूने बसली. मी छत्री घेऊन गेलो, हात धरून ओढलं, तर तिनं शेवग्याच्या खोडाला मिठी मारली. सत्तर वर्षांची बाई, मिनू. मी हात सोडला. सुकऱ्याने येऊन प्लॅस्टिक पुन्हा ताणलं. त्या भिजण्याने खोकला झाला, आणि आजकाल खोकला म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पुढच्या गल्लीतले दोघे येऊन कुंपणाबाहेरूनच विचारून गेले की आजीबाई सुरतेहून आल्यात का. आरोग्य खात्याची माणसंही आली. चांगली होती बिचारी. ताप नाही, साधी सर्दी आहे म्हणाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, शरीराला काही नाही. हे मनाचं आहे. एकदा ठाण्याला दाखवून आणा."

आपल्या भागात ठाण्याला दाखवणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. कदाचित डॉक्टरांचं बरोबर असेल, तिथेही शहाणी माणसं बसली आहेत. पण तिला गाडीत घालून न्यायचं म्हणजे आधी शेवग्यापासून सोडवायला हवं. मला ते जमणार नाही. मी नाही म्हटलं.

एक गोष्ट मात्र केली. ती बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुरी देऊन घेते. दुधाची पिशवी, पेपर, भाजी, कौसाबाईचे हात. घमेल्यात निखारे आणि कडुलिंबाचा पाला. तिचं मन शांत व्हावं म्हणून मी ओळखीतून थोडा गंधक आणून दिला. जुन्या काळी प्लेगच्या घरांत गंधकाचीच धुरी देत, हे तिला आठवलं आणि पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं तरी बरं केलंत." मला फार बरं वाटलं.

बाबा


शिरगाव
११ ऑक्टोबर १९९४

मिनू,

काल उल्हासनगरला तुझ्या सासऱ्यांच्या जुन्या दुकानावर जाऊन आलो. आठ वर्षांपूर्वी त्या गल्लीत पाय ठेवणार नाही असं मी चारचौघांत म्हटलं होतं. त्या चौघांपैकी दोघे वारले, तेव्हा साक्षीदार फारसे उरले नाहीत.

दुकानात आता रेडिमेडवाला बसतो. शेजारच्या पडद्यांच्या दुकानातले म्हातारे सिंधी गृहस्थ मला बराच वेळ न्याहाळत होते. मी हरेशचं नाव काढलं तसे उठून उभे राहिले. "साईं, आप मीनल के पिताजी? आठ साल में रस्ता मिला आपको?" मी खाली बघितलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला, वर पापडही. सिंधी माणूस पापड दिल्याशिवाय सोडत नाही. म्हणाले, हरेश दरवर्षी येऊन भेटतो, दुकान बरं चाललंय, "और दो बच्चियाँ हैं. बडी का नाम वृंदा. छोटी का नाम मालिनी रखा है, अपनी नानी का. आपको मालूम नहीं?"

मला मालूम नव्हतं.

त्यांनी सुरतेच्या दुकानाचा फोन नंबर दिला. मी एसटीडी बूथवरून चार वेळा लावला. घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही. बूथवाला म्हणाला, "काका, सुरतला सगळं बंद आहे. दिवाळीनंतर लावा."

घरी येऊन मी आनंदाच्या भरात सगळं तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं, नातीला आपलं नाव दिलंय हे ऐकून ती उठेल. ती खरंच उठून बसली. तोंडातल्या तोंडात "मालिनी, मालिनी" असं दोनदा म्हणाली. मग बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे आपण तीन नाही. तुम्ही, मी, मिनू, जावई, वृंदा, मालिनी. सहा."

मी तीन माणसांची सहा करून आलो.

मग तिनं विचारलं, "माझं नाव ठेवलं, आणि मला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत तिला?"

मिनू, या प्रश्नाचं उत्तर तुलाही द्यायचं आहे म्हणून इथे लिहितो. तुझी सात पत्रं आली. एकूण एक मी परत पाठवली. पोस्टात जाऊन मास्तरांना सांगून ठेवलं होतं की सुरतेचं पत्र आलं की आधी मला दाखवायचं. मी पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहून खाली सही करायचो. तुझा पत्ता मला पाठ आहे तो त्यामुळे. एकही पत्र मी उघडलं नाही, त्याचाही मला अभिमान होता. तुला इतकी वर्षं वाटत असेल की आई-बाबा दोघांनी नाकारलं. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती दर दिवाळीला, तुझ्या वाढदिवसाला विचारायची, "मिनूचं काही आलं का?" आणि मी म्हणायचो, "नाही आलं." पेपरातून मान वर न करता.

काल तिला सांगितलं. ती रडली नाही. ओरडलीही नाही. बराच वेळ घमेल्यातली राख सारखी करत बसली. मग म्हणाली, "आता मिनूचं पत्र आलं तर तुम्ही वाचून दाखवू नका. माझा विश्वास नाही. अक्षर मी ओळखीन, आणि मजकूर कुंदाताईंकडून वाचून घेईन."

त्यानंतर ती माझ्याशी एकदाच बोलली. आज सकाळी पोस्टमनची सायकल गेली तेव्हा विचारलं, "आलं का?"

तुझ्या शिक्षेची मला गरज नाही, ती इथे चालू आहे. पण तिच्यासाठी लिही. हरेशरावांना नमस्कार सांग. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं आहे, तरी राहू दे.

तुझा,
बाबा


शिरगाव
२१ ऑक्टोबर १९९४

मिनू,

तुझं पत्र आलं.

परवा आलं. मी घरी नव्हतो. फोन लावायला बूथवर गेलो होतो, आणि तिथे रांग होती. पोस्टमन नेहमीचा नव्हता, नवा कुणी बदली. त्यानं पत्र फाटकात खोचलं आणि गेला. कौसाबाई टपाल काढते आणि हिच्याकडे देते, ही धुरी देते, मग मी घेतो, अशी आमची पद्धत बसलेली. कौसाबाईला वाचता येत नाही. हिचा चष्मा महिन्याभरापासून खिडकीत पडला आहे आणि खिडकी घरात आहे.

मी परत आलो तेव्हा कौसाबाई फाटकात उभी होती. "बाबा, एक निळा कागद व्हता. आजीन चिमट्यान धरला, घमेल्यावर. भप्पकन पेटला. हिरवा-निळा जाळ झाला. मी पाणी ओतला, पर व्हयाचा ता होऊन गेला."

गंधक, मिनू. मी आणून दिलेला. निखाऱ्यांवरच्या गंधकाची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही, आणि अंतर्देशीय पत्राचा कागद किती पातळ असतो. कामगारांना हे शिकवायला मी वर्षातून दोनदा वर्ग घ्यायचो. फळ्यावर चित्र काढून.

मी घमेल्यात हात घातला. पोस्टाच्या तिकिटाइतका एक तुकडा ओला होऊन तळाला चिकटला होता. बाकी सगळं गेलं. पाठवणाऱ्याचा पत्ता गेला, शिक्का गेला. तू सुरतेहून लिहिलंस की आणखी कुठून, माझ्या पत्राचं उत्तर होतं की आपलं आपण लिहिलंस, काही कळायला मार्ग नाही. तुकड्यावर तुझं अक्षर आहे. डावीकडे झुकलेलं. लहानपणी तू डाव्या हाताने लिहायचीस आणि मी पट्टी मारून उजव्याने लिहायला लावलं, तेव्हापासून तुझी अक्षरं अशी मागे रेलतात. त्याबद्दल आजवर एकदाही मला वाईट वाटलं नव्हतं.

तीन शब्द आहेत. "आईला सांगू नका".

आधी काय होतं, नंतर काय होतं, कोण जाणे. तू येते आहेस आणि तिला चकित करायचं आहे म्हणून सांगू नका? की घरात कुणी आजारी आहे? की आजारी 'होतं'? मी ते तीन शब्द सगळ्या आवाजांत म्हणून बघितले. हसून म्हटले तर हसण्यासारखे वाटतात. मग मी ते तुझ्या रडक्या आवाजात म्हटले आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

बाहेर ही बसली होती. मला म्हणाली, "एक कागद जळला हो आज. काही महत्त्वाचं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही. जाहिरात होती कसलीतरी."

"बरं झालं," म्हणाली. "मी ठरवून ठेवलंय, मिनूचं आलं की धुरी द्यायची नाही. उन्हात ठेवायचं, दगडाखाली. दिवसभर. कागद नाजूक असतो."

तुझा,
बाबा


शिरगाव
२ नोव्हेंबर १९९४

मिनू,

उद्या लक्ष्मीपूजन. साथ सरली. पेपरात आता प्लेगची बातमी आतल्या पानावर, चार ओळींची असते. रुमाल गेले, वाण्याकडे रांग पुन्हा लागते, पुढच्या गल्लीतल्या त्याच दोघांनी काल फराळाचं ताट आणून दिलं. ते ताटसुद्धा आईनं धुरी देऊन घेतलं. धुरी आता फक्त पाल्याची. गंधक मी विहिरीपलीकडे नेऊन पुरला. फार उशिरा, पण पुरला.

ती झोपडीतच आहे. बारीक झाली आहे. कुंदाताईंनी अभ्यंगस्नानाला तरी घरात या म्हणून परोपरीने विनवलं. त्यांना म्हणाली, "येईन की. सहाच्या सहा दारात उभी राहू देत." सुकऱ्याने झोपडीच्या तोंडाशी एक आकाशकंदील बांधून दिला आहे. तो बघून ती हसली, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

माझं सहा तारखेचं पत्र आज परत आलं. पाकिटावर 'दार बंद' असा शेरा आहे. म्हणजे बाकीचीही तिथेच दाराखाली पडली असतील, किंवा परतीच्या वाटेवर असतील. सुरतेचा फोन एकदाचा कुणीतरी उचलला. शेजारचा दुकानदार होता, फोन दोन्ही दुकानांत मिळून आहे म्हणाला. "शटर बंद है, काका. महीना हो गया. घर पे भी ताला है. फॅमिली कहाँ गई, मालूम नहीं." सगळे गेले का, असं मी विचारलं. म्हणजे सगळे मिळून गेले का. त्याला प्रश्न कळला नाही आणि लाइन कटली.

परत आलेलं आपलंच पत्र हातात घेतलं की कसं वाटतं, ते आज कळलं. मी ते बराच वेळ धरून बसलो होतो. तू असं सात वेळा बसलीस.

हे पत्रही त्याच पत्त्यावर टाकतो. दुसरा पत्ता मला माहीत नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "टाकत राहा काका, कुलूप कधीतरी उघडेल." हेच ते मास्तर, ज्यांना मी तेव्हा सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला त्याची आठवण करून दिली नाही.

तो तुकडा मी पाकिटात जपून ठेवला आहे. आईला दाखवला तर ती तुझं अक्षर क्षणात ओळखेल. बिनचष्म्याची ओळखेल. तू पत्र लिहिण्याइतकी हयात होतीस, एवढं तिला कळेल, आणि कदाचित त्या एवढ्यावर ती उठेलही. पण कुंदाताई वाचून काय दाखवतील? "आईला सांगू नका." मग सहातलं कोण, म्हणून ती विचारत राहील, आणि माझ्याकडे उत्तर नाही. काल दोनदा मी तो तुकडा घेऊन झोपडीपर्यंत गेलो. दोनदा परत आलो.

आजही सायकल गेली आणि तिनं विचारलं, "मिनूचं आलं का?"

आठ वर्षं मी जे म्हणत होतो तेच म्हणालो. नाही आलं. या वेळी मान वर करून म्हणालो, तेवढाच फरक. ती म्हणाली, "येईल. तुम्ही परत पाठवू नका म्हणजे झालं."

तू लिहिलंस आईला सांगू नका. मी सांगितलं नाही, पोरी. पण काय सांगायचं नाही, तेवढं मला एकदा लिही.

तुझा,
बाबा